सुट्टीत बसणारं बुद्धिबळ: मॅक्स युवे यांच्या दुहेरी कारकिर्दीचा प्रकरण अभ्यास

बुद्धिबळात वरच्या पातळीवर खेळणारा आणि त्याच वेळी अध्यापन-संशोधन करणारा माणूस दोन्हीकडे किती पुढे जाऊ शकतो, हा प्रश्न आला की बहुतेक उदाहरणांत एक टप्पा असा येतो की एक बाजू सोडावी लागते. जॉन नन यांनी ऑक्सफर्डला १९७८ मध्ये बैजिक संस्थितीशास्त्र या गणिताच्या शाखेत डॉक्टरेट घेतली, काही वर्षं शिकवलं आणि १९८१ मध्ये पूर्णवेळ बुद्धिबळ पत्करलं. केनेथ रोगॉफ यांनी उलट केलं. १९७८ मध्ये ग्रँडमास्टर झाले, पण खेळ मागे ठेवून अर्थशास्त्रात गेले आणि २००१ ते २००३ या काळात आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे मुख्य अर्थतज्ज्ञ होते. दोघांचेही निर्णय समजण्यासारखे आहेत.

हॉलंडचे मॅक्स युवे (१९०१–१९८१) मात्र गणिताचे शिक्षक असतानाच जगज्जेते झाले, आणि ते पद गेल्यावर पुढे संगणकशास्त्राचे प्राध्यापक झाले. म्हणून हे प्रकरण बारकाईनं पाहण्यासारखं आहे. त्यांच्याकडे प्रतिभा होतीच. पण खरी उकल त्यांच्या वेळापत्रकात सापडते: हाती असलेला मोकळा वेळ किती दिवसांचा आहे, त्यात कोणत्या आकाराची स्पर्धा बसते, आणि त्या आकाराचा निकालावर काय परिणाम होतो.

पार्श्वभूमी

युवेंचा जन्म २० मे १९०१ रोजी अॅमस्टरडॅमला लागून असलेल्या वाटरग्राफ्समेअर इथे झाला. अॅमस्टरडॅम विद्यापीठात त्यांनी गणित घेतलं. तिथे त्या काळी गणितज्ञ ब्रौवर शिकवत होते, म्हणजे गणिताच्या पायाभूत वादांतला अंतःप्रज्ञावादी पंथ जिथे उभा राहिला तेच हे विद्यापीठ. १९२६ मध्ये रोलांड वाइत्सेनब्योक यांच्या मार्गदर्शनाखाली युवेंनी डॉक्टरेट मिळवली. विषय होता चार चलांमधल्या दोन सहचर सदिश क्षेत्रांचे विकलक निश्चल. तोवर ते देशाचे बुद्धिबळ विजेते झालेले होते. १९२१ मध्ये पहिलं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळालं आणि पुढे एकूण १२ वेळा त्यांनी ते मिळवलं.

उपजीविका मात्र शाळेची. आधी रॉटरडॅमला आणि मग अॅमस्टरडॅमच्या मुलींच्या लिसियममध्ये (माध्यमिक शाळेत) त्यांनी गणित शिकवलं. आठवड्याचे तास ठरलेले, परीक्षेच्या तारखा ठरलेल्या, वह्या तपासण्याचं काम घरी. घरी पत्नी आणि तीन मुली. त्या काळच्या युरोपात पूर्णवेळ खेळाडू स्पर्धेमागून स्पर्धा फिरत, हॉटेलात राहत, एकाच वेळी अनेकांशी खेळण्याचे कार्यक्रम करून गुजराण करत. युवेंना हे शक्य नव्हतं. त्यांच्या वाट्याला नाताळ, ईस्टर आणि उन्हाळा इतकंच यायचं.

१० डावांचा साचा

त्यांच्या १९२६ ते १९३२ दरम्यानच्या खेळाची यादी समोर ठेवली की एक गोष्ट लगेच दिसते. नाताळच्या सुट्टीत हेस्टिंग्ज. डिसेंबरअखेर सुरू होऊन जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपणारी ही इंग्लंडमधली स्पर्धा शिक्षकाच्या सुट्टीसाठीच बेतली असावी, इतकी सोयीची. १९३०–३१ मध्ये तिथे युवेंनी ९ पैकी ७ गुण घेऊन पहिला क्रमांक मिळवला. माजी जगज्जेते कापाब्लांका साडेसहा गुणांवर दुसरे आणि आपले मीर सुलतान खान ६ गुणांवर तिसरे. दुसरा प्रकार म्हणजे १० डावांचे सामने. पुढे १९२७ मध्ये जगज्जेते झालेल्या अलेखाइन यांच्याविरुद्धचा पहिला सामना १९२६ च्या डिसेंबरअखेरीला सुरू झाला आणि जानेवारीच्या सुरुवातीला संपला, म्हणजे पुन्हा नाताळचीच सुट्टी. त्यानंतर बोगोल्युबोव यांच्याशी दोन सामने, आणि १९३१ च्या उन्हाळ्यात कापाब्लांकांशी एक.

निकाल असे (विजयाला एक गुण, बरोबरीला अर्धा): अलेखाइनविरुद्ध साडेचार–साडेपाच. बोगोल्युबोवविरुद्ध दोन्ही वेळा साडेचार–साडेपाच. कापाब्लांकाविरुद्ध चार–सहा, तेही ८ डाव बरोबरीत सोडवून. चारही सामने हरले, पण कुठेही धुव्वा उडालेला नाही. जगातल्या पहिल्या तीन-चार जणांसमोर एक गृहस्थ शाळेच्या सुट्टीत येतो आणि एक-दोन गुणांच्या फरकानं हरतो.

वरवर पाहता याचा अर्थ “अगदी थोडक्यात कमी पडतो” असा होतो, आणि त्या काळी अनेकांनी तो तसाच घेतला. पण १० डावांच्या सामन्यात एक तांत्रिक अडचण असते. जो खेळाडू गेले काही महिने सतत पटावर बसलेला आहे, तो पहिल्या डावापासून हात बसलेला असतो. जो शाळेतून थेट आला आहे, त्याचे पहिले तीन-चार डाव हात बसवण्यात जातात. गणन अचूक असतं, पण घड्याळाचा अंदाज चुकतो, साध्या स्थितीत जास्त वेळ जातो आणि मग ३० व्या चालीच्या पुढे घाईत चूक होते. हात बसेपर्यंत सामना अर्धा झालेला. १६ डावांचा सामना झाला तेव्हा, १९३२ मध्ये चेकोस्लोव्हाकियाचे अव्वल खेळाडू फ्लोर यांच्याशी, तो ८–८ असा सुटला.

१९३५: ३० डावांचं गणित

जगज्जेते अलेखाइन यांच्याविरुद्धचा जगज्जेतेपदाचा सामना ३ ऑक्टोबर १९३५ रोजी सुरू झाला आणि १५ डिसेंबरला संपला. ७३ दिवसांत ३० डाव, हॉलंडमधल्या वेगवेगळ्या १३ गावांमध्ये. साधारण अडीच दिवसांना एक डाव आणि मधे प्रवास. हे कुठल्याच सुट्टीत बसणारं नव्हतं. आणि याच कारणानं हा सामना वेगळा ठरला.

तयारीची तीन अंगं होती. पहिलं शरीर. युवेंनी धूम्रपान आणि मद्य पूर्ण बंद केलं, नियमित व्यायाम आणि पोहणं ठेवलं. आज हे कुणालाही सांगावं लागत नाही, पण त्या पिढीत बुद्धिबळाच्या तयारीचा भाग म्हणून देहाकडे पाहणारे फार थोडे होते. दुसरं, सुरुवातीच्या चालींचा अभ्यास. युवे हे सुरुवातींचे पद्धतशीर अभ्यासक होते. एखादी उपशाखा कुठे फुटते, कोणत्या चालीनंतर मूल्यमापन बदलतं, हे लिहून, वर्गवारी करून ठेवायचं ही त्यांची सवय, आणि ती पुढे आयुष्यभर टिकली. युद्धानंतर त्यांनी सुरुवातींचं विश्लेषण सुट्या पानांच्या स्वरूपात काढलं. नवं पान आलं की फाइलीत योग्य जागी लावायचं, जुनं काढायचं. डेटाबेसच्या आधीचा हा डेटाबेसच. तिसरं म्हणजे मदतनीस. गेझा मारोत्सी हे अनुभवी ग्रँडमास्टर त्यांच्या बाजूला होते, आणि फ्लोर यांचीही मदत झाली.

आता डावांचा हिशेब पाहू. अलेखाइननी पहिला, तिसरा, चौथा, सातवा आणि नववा डाव जिंकला. युवेंनी दुसरा आणि आठवा. नऊ डावांनंतर ६–३. दहावा युवेंनी घेतला, म्हणजे १० डावांनंतर ६–४.

इथे क्षणभर थांबायला हवं. हा सामना १० डावांचा असता तर युवे पुन्हा हरले असते, आणि चार वर्षांपूर्वी कापाब्लांकांकडून हरले होते त्याच फरकानं. इतिहासात त्यांची नोंद “चांगला हौशी खेळाडू” एवढीच राहिली असती. पण अजून २० डाव शिल्लक होते. त्या २० डावांत युवेंनी ६ जिंकले (१२, १४, २०, २१, २५, २६), ३ हरले (१६, १९, २७) आणि ११ बरोबरीत सोडवले. म्हणजे साडेअकरा विरुद्ध साडेआठ. १४ व्या डावानंतर विजयांची बरोबरी झाली. १९ व्यानंतर अलेखाइन पुन्हा दोन डावांनी पुढे गेले, आणि २१ व्यानंतर पुन्हा बरोबरी. २६ व्यानंतर युवे दोनने पुढे, २७ वा गेला, शेवटचे तीन बरोबरीत. अंतिम गुण साडेपंधरा–साडेचौदा.

२६ वा डाव झांडव्हूर्टला झाला. अलेखाइननी काळ्या सोंगट्यांनी डच बचाव ही सुरुवात निवडली. युवेंनी एक मोहरा देऊन तीन प्यादी घेतली आणि ती प्यादी मधल्या पट्ट्यातून पुढे रेटली. “झांडव्हूर्टचा मोती” या नावानं तो ओळखला जातो. दोन डावांनी मागे पडून बरोबरी साधलेला, आणि नुकताच पुढे गेलेला खेळाडू इतक्या शेवटच्या टप्प्यावर मोहरा देतो, यात त्याच्या गणनावरचा विश्वास दिसतो. हात पूर्ण बसलेला होता.

या सामन्याबद्दल बोलताना अलेखाइन यांच्या मद्यपानाचा उल्लेख हमखास येतो. माझ्या मते तो उल्लेख निकालाचं स्पष्टीकरण म्हणून अपुरा आहे. मद्यामुळे सामना गेला म्हणायचं तर पहिल्या नऊ डावांतली तीन गुणांची आघाडी आणि १६ व १९ व्या डावांतले विजय कुठे बसवायचे? डावांच्या क्रमात जे दिसतं ते असं: लांब सामन्यात सरावाची तूट भरून निघाली, आणि ती भरून निघाल्यावर युवे सरस ठरले.

१९३७: काय बिघडलं

युवेंनी कबूल केल्याप्रमाणे परतीचा सामना दिला. तो साडेनऊ–साडेपंधरा असा हरले: ४ विजय, १० पराभव, ११ बरोबरी. पहिल्या ५ डावांनंतर ते ३–२ असे पुढे होते, म्हणजे या वेळी सुरुवात अडली नाही. मग सहावा, सातवा आणि आठवा असे तीन डाव सलग गेले.

सहावा डाव अभ्यासण्यासारखा आहे, कारण त्यात पद्धतशीर तयारीची एक दुखरी जागा उघडी पडते. सुरुवात स्लाव्ह बचावाची होती. अलेखाइननी सहाव्या चालीला घोडा एफ३ वर आणला, सी३ वरचा दुसरा घोडा सरळ मारात सोडून. हे वहीत नव्हतं. प्याद्यानं तो घोडा मारायचा की नाही, हे पटावरच ठरवायला हवं होतं. युवेंनी बलिदान न स्वीकारता बी५ वर प्यादं नेलं, ती चाल चूक ठरली आणि २३ चालींत डाव संपला. ज्याची तयारी नकाशासारखी नेटकी असते त्याला नकाशाबाहेरची वाट जास्त महाग पडते. अशा वेळी लागतो तो नुकत्याच खेळलेल्या डावांचा सराव, आणि तोच वह्या तपासणाऱ्या माणसाकडे सर्वांत कमी असतो. त्यात त्यांचे मदतनीस रुबेन फाइन यांना सामन्यादरम्यान अपेंडिक्सचा त्रास झाला. शेवटच्या ५ डावांपैकी ४ अलेखाइननी जिंकले.

पुढच्या काळातही हेच चित्र दिसतं. १९४६ मध्ये ग्रोनिंगनला युवे १९ फेऱ्यांत १४ गुण घेऊन दुसरे, बॉटविनिक यांच्या फक्त अर्धा गुण मागे. दोनच वर्षांनी जगज्जेतेपदासाठीच्या पाच जणांच्या स्पर्धेत २० डावांत ४ गुण आणि शेवटचा क्रमांक. तेव्हा ते ४६ वर्षांचे होते आणि समोर बॉटविनिक, स्मिस्लोव, केरेस, रेशेव्स्की. बॉटविनिकही विद्युत अभियंता होते, पुढे १९५१ मध्ये तांत्रिक शास्त्रांतली डॉक्टरेट मिळाली. पण त्यांच्यामागे बुद्धिबळाला राज्याचं काम मानणारी व्यवस्था होती. युवेंच्या मागे शाळेचं वेळापत्रक होतं. दोघांनाही “खेळाडू-शास्त्रज्ञ” म्हणताना हा फरक सहसा निसटतो.

१९२९ चा शोधनिबंध

दुहेरी कारकीर्द म्हणजे दोन कामांत वेळ वाटणं, इतकंच आतापर्यंत बोललो. पण एका ठिकाणी युवेंचे दोन्ही विषय खरोखर एकमेकांत मिसळले, आणि ते गणितज्ञ अजूनही आठवतात.

त्या काळी बरोबरीचा एक नियम असा होता: चालींची तीच मालिका लागोपाठ तीनदा झाली की डाव बरोबरीत. प्रश्न असा, हा नियम डाव संपवायला पुरेसा आहे का? युवेंनी १९२९ मध्ये हॉलंडच्या रॉयल अकादमीच्या नियतकालिकात जर्मन भाषेत लिहिलेल्या निबंधात दाखवलं की नाही, या नियमानं अनंत काळ चालणारा डाव अडत नाही.

रचना कुणालाही पटावर करून पाहता येईल. ‘क’ म्हणजे चार अर्ध्या चाली, दोन्ही खेळाडूंच्या दोन-दोन: पांढरा घोडा जी१ वरून एफ३, काळा घोडा जी८ वरून एफ६, मग दोन्ही परत. ‘ख’ म्हणजे तसंच वजिराच्या बाजूला: बी१ वरून सी३, बी८ वरून सी६, आणि परत. आता ‘क’ लिहा. त्याच्यापुढे त्याचं उलट, म्हणजे ‘ख’ लिहा: कख. आता या दोघांचं उलट पुढे जोडा: कखखक. पुन्हा उलट जोडा: कखखकखककख. असंच दुप्पट करत जा. या अनंत मालेत कोणताही तुकडा, कितीही लांबीचा असो, लागोपाठ तीनदा येत नाही. सिद्धता अशी जाते: लहान तुकडा तीनदा येत नाही हे मोजून दिसतं, आणि मोठा तुकडा तीनदा आला असता तर प्रत्येक जोडीला एक अक्षर मानून (‘कख’ला क, ‘खक’ला ख) त्याच मालेत त्याच्या निम्मा तुकडाही तीनदा आला असता. असं निम्मं-निम्मं करत आपण लहान तुकड्यावर येऊन आपटतो, आणि तिथे विरोध. त्यामुळे घोडे कायम आतबाहेर करत राहिले तरी तो नियम कधीच लागू होत नाही.

ही माला आज थ्यू–मोर्स माला म्हणून ओळखली जाते. नॉर्वेचे आक्सेल थ्यू १९०६ मध्ये आणि अमेरिकेचे मार्स्टन मोर्स १९२१ मध्ये वेगवेगळ्या वाटांनी तिच्यापर्यंत पोचले होते. युवे स्वतंत्रपणे पोचले, आणि तेही बुद्धिबळाच्या एका व्यावहारिक प्रश्नातून. आजचा नियम वेगळा आहे: चालींची मालिका नव्हे, तर तीच स्थिती तिसऱ्यांदा आली की खेळाडू बरोबरी मागू शकतो, आणि २०१४ पासून पाचव्यांदा आली तर पंच स्वतःच डाव थांबवतो. वरच्या रचनेत प्रत्येक ‘क’ किंवा ‘ख’ नंतर मांडणी मूळ जागी येते. म्हणून काळ्याच्या चौथ्या चालीनंतर मूळ स्थिती तिसऱ्यांदा दिसते आणि आठव्या चालीनंतर पाचव्यांदा. आजच्या नियमात हा डाव आठ चालींत संपतो.

मला हे प्रकरण युवेंच्या कारकिर्दीचं सर्वांत सुंदर पान वाटतं. शाळेत शिकवत, सुट्टीत खेळत असतानाच्या वर्षांत, प्रयोगशाळा नाही, सहकारी नाहीत, वर्षातून काही आठवडे मोकळे. अशा स्थितीत संशोधनासाठी असा प्रश्न हवा जो डोक्यात घेऊन ट्राममधून जाता येईल. हा तसा होता.

दुसरी कारकीर्द, पंचावन्नाव्या वर्षी

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात युवे संगणकाकडे वळले. रेमिंग्टन रँड या संगणक बनवणाऱ्या कंपनीसाठी त्यांनी काम केलं, मग विदा-प्रक्रियेच्या क्षेत्रात. युराटमनं (युरोपीय अणुऊर्जा समुदायानं) बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमवर विचार करण्यासाठी नेमलेल्या गटाचं नेतृत्व त्यांच्याकडे आलं. १९६४ मध्ये ते रॉटरडॅम आणि टिलबर्ग इथे प्राध्यापक झाले आणि १९७१ मध्ये टिलबर्गहून निवृत्त झाले. ज्या माणसानं सुरुवातींच्या फाइली सुट्या पानांनी अद्ययावत ठेवल्या, त्याला माहितीची साठवण हा विषय परका नव्हता.

याच काळात, १९५७ मध्ये, न्यूयॉर्कला त्यांनी किशोरवयीन बॉबी फिशरशी दोन डाव खेळले. एक जिंकला, एक बरोबरीत. पंधरा वर्षांनी जगज्जेतेपदाचा फिशर–स्पास्की सामना जवळजवळ मोडत असताना तो सावरण्याची जबाबदारी युवेंवरच आली, कारण १९७० ते १९७८ ते जागतिक बुद्धिबळ महासंघाचे, फिडेचे, अध्यक्ष होते. फिशर वेळेवर पोचले नाहीत तेव्हा नियमावर बोट ठेवून सामना रद्द करता आला असता. युवेंनी मुदतवाढ दिली. स्पास्कींच्या बाजूनं यावर नाराजी होती आणि ती समजण्यासारखीही होती. पण मुदत दिली नसती तर आपल्या पिढ्यांनी पाहिलेला तो सामना झालाच नसता.

अध्यक्षपदाच्या काळातला एक निर्णय महाराष्ट्राशी थेट जोडलेला आहे. १९७६ मध्ये मुंबईची १३ वर्षांची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत उतरली. तसं करणारी ती पहिली मुलगी. तिच्या सहभागावर हरकत घेतली गेली आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. अनेक वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवलेल्या फिडे-अध्यक्षांसमोर हा प्रश्न आला तेव्हा त्यांनी निर्णय दिला, की राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही.

युवे २६ नोव्हेंबर १९८१ रोजी अॅमस्टरडॅममध्ये वारले. त्याच वर्षी हैदराबादला झालेली आशियाई महिला अजिंक्यपद स्पर्धा रोहिणी खाडिलकरनं एकही डाव न गमावता, १२ पैकी साडेअकरा गुणांनी जिंकली.